झालं गेलं गंगेला मिळतं का? जोडप्यांच्या थेरपीचा रोखठोक रिव्ह्यू

नवरा-बायकोचं बिनसलं की आपल्याकडे एक सेवा फुकट आणि घरपोच मिळते: बैठक. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं येतात, चहा होतो, दोघांनाही थोडं थोडं ऐकवलं जातं आणि ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणत मंडळी उठतात. भांडण मिटतं. आठ दिवसांनी आमटीत मीठ कमी पडल्याचं निमित्त होतं आणि तेच मढं पुन्हा उकरलं जातं. मिटवणं वेगळं, माफ करणं वेगळं, आणि बैठकीने त्यातलं पहिलंच केलेलं असतं.

बास्किन आणि एनराइट या संशोधकांनी माफीच्या उपचारांवरचे नऊ अभ्यास २००४ साली एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसलं. ‘माफ करायचं ठरवून टाका’ एवढ्यावरच भर देणाऱ्या छोट्या उपक्रमांचा परिणाम जवळपास शून्य निघाला. टप्प्याटप्प्याने, वेळ घेऊन केलेल्या कामाचा चांगला निघाला. म्हणजे माफी हा पायऱ्यापायऱ्यांनी चालायचा रस्ता आहे. म्हणून जोडप्यांच्या थेरपीला पैसे मोजण्याआधी एकच विचारायचं: माफीच्या रस्त्यावर ही पद्धत आधी कोणाला चालायला लावते, दुखावलेल्याला की दुखावणाऱ्याला? आमच्या लेखी आधी दुखावणाऱ्याने चालायला हवं, आणि खालच्या पद्धती याच कसोटीवर घासून पाहिल्या आहेत. जवळीक वेगळी मोजायची गरज फारशी पडत नाही. जखम तशीच ठेवून जवळ बसलेल्या माणसांना कोणीही लांबून ओळखतं.

ईएफटी: जुन्या जखमेसाठी पहिली पसंती

आधी एक सावधगिरी. ‘ईएफटी’ या तीन अक्षरांखाली दोन वेगळे माल विकले जातात. कपाळावर, हनुवटीवर बोटांनी टकटक करण्याची एक ‘इमोशनल फ्रीडम’ पद्धत आहे, तिचा इथे संबंध नाही. आपण बोलतोय ते ‘इमोशनली फोकस्ड थेरपी’बद्दल. सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी ती कॅनडात, व्हँकुव्हरला उभी केली आणि तिचा पहिला तुलनात्मक अभ्यास १९८५ साली आला. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच दोन्हींतलं कोणतं ते विचारून घ्या.

साधारण ८ ते २० सेशन्स, तीन टप्पे. पहिल्या टप्प्यात भांडणाचा विषय बाजूला ठेवून भांडणाचा फेरा शोधतात. बहुतेक घरांत तो एकाच वळणाचा असतो: एक जण मागे लागतो, दुसरा गप्प होतो, दुसरा गप्प होतो म्हणून पहिला आणखी मागे लागतो. दुसऱ्या टप्प्यात, जो गप्प होतो त्याला बोलतं करतात आणि जो मागे लागतो त्याला तक्रारीच्या खालची भीती बोलायला लावतात. तिसऱ्या टप्प्यात जुने प्रश्न नव्या पद्धतीने सोडवून पाहतात.

मराठीत ही थेरपी करताना एक अडचण हमखास येते. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की उत्तरात मत येतं, कारण आपलं ‘वाटणं’ विचारालाही चालतं आणि भावनेलाही. ‘मला वाटतं की हा स्वार्थी आहे’ हे वाक्य भावनेसारखं सुरू होतं आणि निकालपत्रावर संपतं. चांगला मराठी थेरपिस्ट ‘काय वाटतं’ सोडून ‘त्या क्षणी पोटात काय झालं, छातीत काय झालं’ असं विचारतो. ‘मला वाटतं’नंतर ‘की’ आला की तो थांबवतो. ‘मला एकटं वाटलं’, ‘मला भीती वाटली’ इथवर आलं तरच गाडी पुढे जाते.

माफीचं काम या पद्धतीत कसं होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. गरजेच्या नेमक्या वेळी जोडीदाराने हात सोडला, अशा प्रसंगाला ईएफटीवाले ‘अटॅचमेंट इन्ज्युरी’ म्हणतात: गर्भपात, वडिलांचं जाणं, नोकरी सुटणं, बाळंतपण. नमुन्यादाखल, खोलीत साधारण असं चालतं (सुरुवात थेरपिस्टची, मग बायको, मग नवरा):

‘डिलिव्हरीच्या रात्रीचा विषय आज तिसऱ्यांदा आला. आपण तिथेच थांबू.’
‘थांबून काय? हा बाहेर ऑफिसच्या कॉलवर होता.’
‘बिलं कोण भरत होतं? रक्ताची पिशवी कोणी आणली?’
‘बिलांकडे येऊ आपण, नक्की येऊ. आत्ता नाही. तुम्ही दाराकडे बघत होतात त्या वेळी आत काय चाललं होतं?’
‘...वाटलं, मी मेले तरी याला सकाळीच कळेल.’
‘हे त्यांच्याकडे बघून सांगाल? मला नको.’

आणि ती सांगते. तो पहिल्यांदाच हिशेब न मांडता ऐकतो आणि म्हणतो, ‘मला वाटायचं तू चिडलीयेस. तू घाबरली होतीस हे मला माहीतच नव्हतं.’

याच्या पुढच्या पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. दुखावलेली व्यक्ती काय गमावलं ते पूर्ण बोलते. दुसरी व्यक्ती जबाबदारी घेते, आणि तिच्या चेहऱ्यावर वेदना दिसावी लागते; ‘सॉरी म्हटलं ना’ इथे चालत नाही. त्यानंतर दुखावलेली व्यक्ती त्या रात्री जे मिळालं नाही तेच आज मागते: ‘हात धर’, ‘इथून जाऊ नकोस’. आणि ते मिळतं. माफी त्यानंतर. म्हणजे आधी चालतो दुखावणारा. आमच्या कसोटीवर ही पद्धत इथेच सगळ्यांत पुढे जाते.

आकडे सांगायचे तर मॅकिनेन आणि जॉन्सन यांच्या २००६ च्या अभ्यासात अशी जखम असलेली २४ जोडपी होती. सरासरी १३ सेशन्सनंतर १५ जोडप्यांची जखम सुटली. सुटली नाही त्यांच्यात एकाहून जास्त जखमा होत्या आणि सुरुवातीचा विश्वासच कमी होता. म्हणजे तुमच्या घरात एकच मोठा प्रसंग सलत असेल तर १३–१५ सेशन्सचा अंदाज धरा. पंधरा वर्षांची थप्पी असेल तर तेवढ्यात उरकण्याची अपेक्षा ठेवू नका. ‘७० ते ७३ टक्के जोडपी बरी होतात’ ही जाहिरातीतली ओळ मात्र जरा जपून वाचा. ती १९९९ च्या आढाव्यातली आहे, त्यात अभ्यास चारच होते आणि आढावा घेणाऱ्यांत पद्धतीचे जनकच होते.

फसते कुठे? थेरपिस्टचं प्रशिक्षण अर्धवट असेल तर सगळं बोलणं थेरपिस्टकडे तोंड करूनच होतं. पाच-सहा सेशन्स झाली आणि एकदाही ‘आता हे त्यांच्याकडे वळून सांगा’ असं कोणी म्हटलं नाही, तर तुम्हाला ईएफटी मिळत नाहीये, नुसत्या गप्पा मिळतायत. शिवाय ज्या घरात पुरुषाने दुसऱ्यांसमोर डोळ्यांत पाणी आणणं म्हणजे हार समजली जाते, तिथे पहिली तीन-चार सेशन्स कोरडीच जातात. तेवढ्यावरून सोडून देऊ नये.

गॉटमन पद्धत: रोजच्या वापराला उत्तम

जॉन गॉटमन यांनी रॉबर्ट लेव्हन्सन यांच्यासोबत जोडप्यांना भांडायला बसवून त्यांचे चेहरे, आवाज, नाडीचे ठोके मोजले. गॉटमन यांचं पुढचं बरंचसं काम सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झालं. त्यातून निघालेलं सगळ्यांत प्रसिद्ध उत्पादन म्हणजे ‘चार घोडेस्वार’, नातं मोडणाऱ्या चार सवयी: स्वभावावर दोषारोप, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंत होऊन बसणं.

मराठी घराला यातला दुसरा घोडा समजावून सांगावा लागत नाही. त्याला टोमणा म्हणतात आणि आपल्याकडे ती कला आहे. ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, साहेब वेळेवर आले’ हे विनोद म्हणून खपतं. गॉटमन यांच्या निरीक्षणात नात्याला सर्वांत घातक तेच ठरलं.

चौथ्या घोड्याच्या बाबतीत मात्र भाषांतर जपून करायला हवं. भिंत होणं म्हणजे अबोला, असं सरळ लिहून टाकलेलं दिसतं. पण आपल्याकडे रुसवा आणि अबोला या दोन गोष्टी आहेत. रुसलेलं माणूस समजूत काढायला बोलावत असतं. पाठ फिरवलेली असते, कान मागे असतो. अबोल्यात दार लागलेलं असतं. रुसव्यावर ‘वीस मिनिटं एकटं सोडा’ हा उपाय केला तर उलटा पडतो: ‘बघा, विचारायलाही आला नाही.’ थेरपिस्ट हा फरक विचारत नसेल तर तुम्हीच सांगा.

वीस मिनिटांचं गणित असं. भांडताना नाडीचे ठोके मिनिटाला १०० किंवा त्याहून वर गेले की समोरचं बोलणं डोक्यात शिरत नाही. मनगटावर १५ सेकंद मोजा. २५ किंवा जास्त आले तर थांबा. शरीर खाली यायला किमान २० मिनिटं लागतात. ज्याने थांबायला सांगितलं त्यानेच परत बसायची वेळ सांगायची: ‘साडेनऊला बसू.’ वेळ न सांगता उठणं म्हणजे पळ काढणं, आणि समोरचा ते बरोबर ओळखतो. मधल्या वेळात आईला किंवा मित्राला फोन लावून ‘ऐक ना, काय झालं’ सुरू केलं तर वीस मिनिटं फुकट. मनात भांडण चालूच राहतं, ठोके उतरतच नाहीत. भांडी घासा, जिन्यावरून दोनदा खाली-वर करा, रेडिओ ऐका.

दुसरं साधन म्हणजे सौम्य सुरुवात. झालेली एकच गोष्ट, त्याने स्वतःला काय झालं, आणि नेमकं काय हवंय. ‘तुला घराची काही पडलेलीच नाही’ याऐवजी ‘तू काल न कळवता साडेदहाला आलास, माझा जीव टांगणीला लागला, उशीर होणार असेल तर आठपर्यंत मेसेज टाक.’ ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द आले की सुरुवात कडक झाली असं समजायचं. भांडणाची पहिली तीन मिनिटं कशी जातात यावरून पुढचं बरंचसं ठरतं.

तिसरी गोष्ट मोजमापाची. टिकणाऱ्या जोडप्यांत भांडतानासुद्धा एका कडू वाक्याला पाच बरी वाक्यं किंवा खुणा पडतात. आणि सुमारे ६९ टक्के भांडणं कायमचीच असतात, त्यांना उत्तर नसतं. स्वभाव, पैसा, सासर-माहेर. ही भांडणं ‘सोडवायला’ जाणाऱ्या जोडप्याचे पैसे वाया जातात. त्यांच्यासोबत कसं राहायचं तेवढं शिकता येतं.

इथे पहिल्यांदा एकत्र सेशन, मग दोघांचं वेगवेगळं, लांबलचक प्रश्नावली, मग निष्कर्ष सांगणारं सेशन असा क्रम असतो. म्हणजे तीन-चार सेशन्स तपासणीतच जातात. पैसे उकळायचा डाव नव्हे, रचनाच तशी आहे. प्रश्नावली बहुधा इंग्रजीत असते. दोघांपैकी एकाचं इंग्रजी कच्चं असेल तर ती खोलीत बसून मराठीत भरून घ्यायला सांगा. घरी नेली तर दुसराच भरतो.

माफीच्या बाबतीत, विश्वासघात झालेल्यांसाठी तीन पायऱ्या आहेत: प्रायश्चित्त, सूर जुळवणं, पुन्हा जोडलं जाणं. पहिलीत चुकलेल्याने प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि पारदर्शक राहायचं. क्रम बरोबर आहे. पण ईएफटी जखमेत जितकी खोल उतरते तितकी ही उतरत नाही. इथला जोर सवयींवर आहे. जवळिकीसाठी मात्र या सवयीच कामाच्या. एकाने खिडकीतून ‘बघ, किती पाऊस’ म्हटल्यावर दुसऱ्याने मोबाइलमधून मान वर करणं, एवढ्या छोट्या हाकेला ओ देणं ही या पद्धतीने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

एक खटकणारी बाब. ‘घटस्फोटाचं भाकीत ९० टक्क्यांहून अचूक’ हे वाक्य ब्रोशरवर असतं. संशोधकांचा त्यावरचा आक्षेप रास्त आहे: ज्या जोडप्यांच्या माहितीवर सूत्र बसवलं त्यांच्यावरच ते तपासलं होतं. साधनं वापरा, भाकीत सोडून द्या.

आयबीसीटी: न बदलणाऱ्या माणसासोबत

इंटिग्रेटिव्ह बिहेवियरल कपल थेरपी नील जेकबसन आणि अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांची. आधीची वर्तनथेरपी करार करायला लावायची: तू रविवारी भाजी आण, मी तुझ्या क्रिकेटला हरकत घेणार नाही. करार पंधरा दिवस टिकायचा. मग यांनी सरळ मान्य केलं की काही गोष्टी बदलणार नाहीत, आणि स्वीकार शिकवायला घेतला.

चाचणी दणकट होती. दीर्घकाळ गंभीर तंट्यात असलेली १३४ विवाहित जोडपी, जास्तीत जास्त २६ सेशन्स, पाच वर्षं पाठपुरावा. शेवटी आयबीसीटीतल्या सुमारे निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकली, साधारण चौथा हिस्सा विभक्त झाला. ऐकायला निराशाजनक वाटेल, पण या धंद्यात एवढे प्रामाणिक आकडे क्वचित दिसतात. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेने हीच पद्धत आपल्या थेरपिस्टना शिकवायला घेतली.

हिचं खास साधन म्हणजे भांडणाकडे दोघांनी मिळून तिऱ्हाइतासारखं बघणं. फेऱ्याला एक गमतीशीर नाव देतात. ‘आली आपली पावणेदहाची लोकल’ असं दोघांपैकी एकाने म्हटलं की दोघांनाही कळतं, रात्रीच्या जेवणानंतरचं ते नेहमीचं भांडण सुरू होतंय. हसू आलं तर अर्धं काम झालं. नाव दोघांनी मिळून ठेवलं पाहिजे. एकाने ठेवलं तर तो पुन्हा टोमणाच.

धोका इथे आहे तो ‘स्वीकार’ या शब्दाचा. आपल्याकडे बायकांना तो आधीच भरपूर शिकवलेला असतो. तीन सेशन्समध्ये स्वीकारायचं काम एकाच खुर्चीकडे जात असेल तर ही आयबीसीटी नव्हे, ती बैठकच. फक्त एसीत आणि फी घेऊन.

विश्वासघात झाला असेल तर

बाहेरचं प्रकरण उघड झालेल्या जोडप्याने साध्या संवाद-थेरपीला जाऊ नये. त्यासाठी गॉर्डन, बॉकम आणि स्नायडर यांची तीन टप्प्यांची वेगळी पद्धत आहे. आठवड्याला एक या हिशेबाने साधारण सहा महिने धरा. पहिला टप्पा धक्क्याचा: घरात कोण कुठे झोपणार, मुलांना आणि सासू-सासऱ्यांना काय सांगायचं, त्या तिसऱ्या व्यक्तीचा फोन आला तर काय करायचं, यांचे नियम. मग दुखावलेल्याने परिणाम लिहून काढायचे, थेरपिस्टने तपासायचे, आणि मगच वाचून दाखवायचे. दुसरा टप्पा अर्थाचा: हे कसं घडलं? कारणं शोधायची, पण कारण म्हणजे सबब नव्हे हे दर वेळी बोलून दाखवत. तिसऱ्यात निर्णय: माफी, आणि राहायचं की नाही. या दोन गोष्टी इथे मुद्दाम वेगळ्या ठेवतात. माफ करून वेगळं होता येतं.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो टप्पे उलटे केल्याने. पहिल्याच आठवड्यात ‘का केलंस?’चा पाढा सुरू होतो. उत्तर म्हणून जे काही येतं ते दुखावलेल्याला ‘माझ्यामुळेच’ असं ऐकू येतं. दुसरी चूक तपशिलांची. कधी, कुठे, किती काळ, पैसे किती गेले, अजून संपर्क आहे का, हे विचारावं. शरीराचे तपशील विचारले तर डोक्यात चित्रं बसतात आणि ती पुसली जात नाहीत.

लपवण्याबद्दल एक छोटा पण बोलका आकडा आयबीसीटीच्या चाचणीतूनच मिळतो. १३४ पैकी १९ जोडप्यांत असं प्रकरण होतं. ज्या १४ जोडप्यांत ते उघड झालं त्यांतली ६ पाच वर्षांत विभक्त झाली. ज्या ५ जोडप्यांत ते लपलेलंच राहिलं त्यांतली ४. संख्या लहान आहे, फार ताणू नये. पण थेरपीची फी भरून मुख्य गोष्टच खिशात ठेवायची, हा व्यवहार तोट्याचा आहे हे कळायला एवढं पुरे.

एकट्याने करायची माफी

जोडीदार येतच नसेल तर दोन पद्धती हाताशी आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रॉबर्ट एनराइट यांची चार टप्प्यांची, २० पायऱ्यांची. आणि एव्हरेट वर्दिंग्टन यांची ‘रीच’, पाच पायऱ्यांची. वर्दिंग्टन ठरवून केलेली माफी आणि मनातून झालेली माफी यांत फरक करतात. पहिली एका संध्याकाळी होते, दुसरी तिच्या गतीने येते. रीचची वर्कबुक सुमारे तीन तासांची आहे आणि पाच देशांतल्या ४,५९८ जणांवरच्या चाचणीत तिने नाराजी, नैराश्य आणि चिंता कमी केल्याचं दिसलं. त्या पाचांत भारत नव्हता.

स्वस्त, गुणकारी, पण आमच्या कसोटीवर मार्क कमी. इथे सगळं चालणं दुखावलेल्यानेच करायचं असतं. माझा राग मला जाळतोय, तो उतरवायचाय, यासाठी उत्तम. समोरचा अजून तेच करतोय आणि मी वर्कबुक भरतेय, अशा स्थितीत घेऊ नये. एनराइटही माफी म्हणजे समेट नव्हे, हे स्पष्टच सांगतात.

शरीराची जवळीक: सेन्सेट फोकस

बोलून सगळं सुरळीत झालं तरी महिनोन्महिने स्पर्श नसतो, ही तक्रार थेरपिस्टकडे शेवटच्या पाच मिनिटांत, दाराच्या मुठीवर हात असताना येते. तिच्यावरचं साधन जुनं आहे: सेंट लुइसच्या मास्टर्स आणि जॉन्सन (ईएफटीवाल्या सू जॉन्सन नव्हेत) यांनी १९७० साली मांडलेलं. त्यांच्याकडे दोन आठवडे रोज उपचार असायचे. आता घरचा अभ्यास म्हणून देतात, आठवड्यातून दोन-तीनदा, २० ते ३० मिनिटं.

पहिला नियम: संभोग बंद, दोघांच्या संमतीने, थेरपिस्ट सांगेपर्यंत. पहिल्या टप्प्यात एक जण स्पर्श करतो, दुसरा घेतो, मग अदलाबदल. छाती आणि जननेंद्रियं वगळून. लक्ष तीनच गोष्टींवर: ऊब, दाब, पोत. उत्तेजना आली तर आली, तिच्या मागे जायचं नाही. नकोसं वाटलं तर हात धरून बाजूला सरकवायचा, बोलायचीही गरज नाही. पुढच्या टप्प्यांत बंधनं एकेक करून सैल होतात.

बहुतेकांचं फसतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंदी मोडल्याने. ‘चांगलं चाललं होतं, मग झालं’ हे यश वाटतं, पण ज्याला स्पर्शाची धास्ती होती त्याला एवढंच कळतं की प्रत्येक स्पर्श शेवटी तिथेच नेतो. सगळं पहिल्यापासून करावं लागतं. दुसरी अडचण जागेची: वन रूम किचन, बाहेर आजी, कडी वाजलेली सगळ्यांना ऐकू येते. वेळ ठरवताना ती धरूनच ठरवा; मुलं क्लासला आणि आजी देवळात, असा अर्धा तास मध्यरात्रीपेक्षा बरा. ताठरता न येणं, वेदना, आकसणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांची तपासणी. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या यांचं काम थेरपी करू शकत नाही.

ईएफटीतली जखम उघडी असताना हा अभ्यास कोणी देत असेल तर नको म्हणा. राग धरलेल्या त्वचेला ऊब कळत नाही.

घेण्याआधी

‘मॅरेज काउन्सेलर’ अशी पाटी लावायला आपल्याकडे वेगळा परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी क्रमांक विचारा. जोडप्यांच्या कामाचं प्रशिक्षण कोणत्या पद्धतीचं, किती झालं, आणि त्यांच्यावर देखरेख कोणाची, हे विचारल्यावर राग येणारा माणूस टाळा. ‘सगळ्याच पद्धती वापरतो’ हे उत्तर बहुतेक वेळा ‘कोणतीच धड नाही’ असं वाचावं.

आणखी एक प्रश्न पहिल्याच फोनवर: वेगळ्या सेशनमध्ये मी सांगितलेलं तुम्ही माझ्या जोडीदाराला सांगणार का? काहींचा नियम ‘मी गुपित ठेवत नाही’ असतो. काही ठेवतात, पण चालू प्रकरण कळलं तर ते संपवा किंवा उघड करा, नाहीतर एकत्र थेरपी थांबवतो, असं आधीच सांगतात. दोन्ही चालतील. नियमच नसणं चालणार नाही. मग एका दुपारी दोघांपैकी एकाला कळतं की थेरपिस्टला महिनाभर सगळं माहीत होतं.

एकाला राहायचंय आणि एकाचा पाय दाराबाहेर आहे, अशांनी वरचं काहीच सुरू करू नये. मिनेसोटाचे बिल डोहर्टी यांची ‘डिसर्नमेंट काउन्सेलिंग’ यासाठीच आहे: जास्तीत जास्त पाच सेशन्स, आणि काम एकच, थेरपी करायची, वेगळं व्हायचं की आहे तसंच ठेवायचं हे ठरवणं. भारतात ती शिकलेले कमी आहेत, पण ‘आम्हाला आधी चार-पाच सेशन्स फक्त निर्णयासाठी हवीत’ असं कोणत्याही चांगल्या थेरपिस्टला सांगता येतं.

फॅमिली कोर्टातल्या समुपदेशकाकडून थेरपीची अपेक्षा ठेवू नका. १९८४ च्या कायद्याने कोर्टावर समेटाचा प्रयत्न करायची जबाबदारी टाकलीय आणि समुपदेशक त्यासाठी आहे. तारखा, ताबा, पोटगी यांच्या मधल्या वेळात तो जे करतो ते त्याचं काम. परस्परसंमतीच्या अर्जानंतरचे सहा महिने मात्र काही जोडपी खरोखर थेरपीला वापरतात, आणि तो वापर चांगला आहे.

मारहाण होत असेल, किंवा घरी गेल्यावर मार पडेल म्हणून सेशनमध्ये तोंड उघडायची भीती असेल, तर जोडीने थेरपी नको. खोलीत खरं बोललेलं घरी महागात पडतं. आधी सुरक्षितता: महिला हेल्पलाइन १८१, आपत्कालीन ११२, किंवा पोलीस ठाण्याच्या आवारातले महिला व बालकांसाठीचे विशेष साहाय्य कक्ष. टाटा समाजविज्ञान संस्थेने ते १९८४ साली मुंबईत सुरू केले, आता ते राज्यभर आहेत.

परदेशातल्या मराठी जोडप्यांना भारतातला थेरपिस्ट व्हिडिओवर भाषेसाठी सोयीचा पडतो, फीही कमी. पण अमेरिकेत थेरपीचा परवाना तुम्ही ज्या राज्यात बसला आहात तिथला लागतो. कोर्टात, विम्यात या सेशन्सचा उपयोग होईल असं धरू नका. आणि दोघं दोन शहरांत असाल तर कानात इअरफोन, समोर दोन वेगळे स्क्रीन. घरी एकत्र असाल आणि एकाच लॅपटॉपसमोर खांद्याला खांदा लावून बसलं की दोघंही थेरपिस्टलाच बघतात, एकमेकांना नाही. म्हणून खुर्च्या तिरक्या ठेवा.